२२ मुलं, एक खोली आणि पालकांचं ‘वही दाखवा’: बालवाडीचा दिवस कसा लावावा?

शेवंती

नमस्कार मंडळी. डहाणू तालुक्यातल्या एका गावात जूनपासून बालवाडी सुरू होतेय. तीन ते साडेपाच वयाची २२ मुलं, शिकवायला मी आणि सोबत एक मावशी. खोली १५ बाय २० फुटांची, पुढे पत्र्याखालची ओसरी, मागे अंगण आणि एक संडास. वेळ ९ ते १२. साधारण निम्म्या मुलांच्या घरी वारली बोलतात, बाकीच्यांच्या घरी मराठी, तीन-चार घरांत हिंदी. सामानासाठी बारा हजार रुपये आहेत.

तीन गोष्टींवर जाणकारांनी सांगावं.

एक, पालक. नाव घालतानाच विचारतात, ‘दिवाळीपर्यंत एबीसीडी आणि शंभरपर्यंत आकडे लिहायला येतील ना?’ रोज वहीत काहीतरी उमटलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर बालवाडीत नुसतं खेळवतात असं गावभर होतं. त्यांना काय दाखवावं?

दोन, पहिले पंधरा दिवस. २२ मुलं एकदम आली आणि त्यातली दहा रडायला लागली, तर दोघींनी ते कसं सांभाळायचं? आणि तीन तासांची आखणी कशी करावी?

तीन, सामान. प्लास्टिकचा तयार संच घ्यावा की सुताराकडून करून घ्यावं?

---

फळाखडू

शेवंतीताई, वहीपासून सुरू करते. तिथे एकदा नमतं घेतलं की बालवाडीचा सगळा दिवस तिच्याभोवती फिरायला लागतो.

समोरचा आकार बघून मूल काय काढू शकतं, याचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला गोल, चौथ्याला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाच-साडेपाचला त्रिकोण. एखादं मूल सहा महिने पुढे-मागे, पण क्रम सहसा मोडत नाही. त्रिकोण उशिरा येतो तो तिरप्या रेघेमुळे. तिरपी रेघ हवी तिथे सुरू करून हवी तिथे थांबवता येत नाही, तोवर ‘र’, ‘स’, ‘ख’ काय किंवा इंग्रजीतले ‘के’ आणि ‘एक्स’ काय, मूल ते लिहीत नसतं, नुसतं कसंबसं गिरवत असतं. मग मूठ आवळून पेन्सिल धरणं, खांदा कानापर्यंत चढणं, कागद फाटेल इतका जोर देणं, गोल खालून वर काढणं हे सगळं मागोमाग येतं. यातली उलट्या दिशेने गोल काढायची सवय सगळ्यात चिवट. दुसरीत गेल्यावरसुद्धा ती सुटत नाही आणि तिच्यामुळे अक्षर सावकाश होतं. मात्र ३ किंवा एखादं अक्षर आरशातल्यासारखं उलटं आलं, तर सहा-सात वर्षांपर्यंत त्याची काळजी करू नका आणि लाल शाईने खोडू तर अजिबात नका.

हात तयार होतो तो खांद्याकडून बोटांकडे. म्हणून आधी मोठी, उभी जागा द्या. ओसरीच्या भिंतीला जमिनीपासून एक फूट सोडून चार फुटांपर्यंत फळ्याचा काळा रंग लावा, जितकी लांबी मिळेल तितकी. उभ्या भिंतीवर काढताना मनगट आपोआप मागे झुकतं आणि लिहायला तीच ठेवण लागते. खडू अख्खा देऊ नका. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून द्या. एवढा तुकडा मुठीत मावतच नाही, तो तीन बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. ‘बोटं अशी धर’ म्हणून दहा वेळा सांगण्यापेक्षा तुकडा लहान करणं सोपं. खडू नको त्या दिवशी दीड इंची रंगाचा ब्रश आणि लोटीभर पाणी द्या. भिंतीवर पाण्याने रंगवायचं, वाळलं की पुन्हा. खर्च शून्य, आणि चार मुलं वीस मिनिटं गुंततात.

बोटांसाठी मटाराच्या शेंगा सोलणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, कणीक तिंबणं, स्पंज पिळून एका वाटीतलं पाणी दुसरीत नेणं. कात्री बोथट टोकाची घ्या आणि सुरुवातीला साधा कागद देऊ नका, तो पात्यांमध्ये दुमडतो आणि मूल वैतागतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून ठेवा. एका कात्रीत तुकडा पडतो. ते जमलं की पट्टी रुंद करत जा, रेघेवरून कापणं त्याच्या नंतर.

हाताइतकाच कान. टाळ्या वाजवून शब्द फोडायचा खेळ रोज पाच मिनिटं घ्या: टो-पी, के-ळी, बा-हु-ली, गा-डी. पहिले काही महिने असेच शब्द निवडा, ज्यांत बोललेले तुकडे आणि लिहिलेली अक्षरं सारखी पडतात. ‘चिमणी’ आपण बोलतो चिम-णी, म्हणून मूल दोन टाळ्या वाजवतं. अक्षरं तीन आहेत म्हणून तिथे तिसरी टाळी वाजवायला लावली, तर मूल स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायचं सोडून देतं आणि बाईंच्या हाताकडे बघून टाळ्या वाजवायला लागतं. ‘कमळ’चंही तेच. असे शब्द पाच वर्षांच्या गटासाठी राखून ठेवा. टाळ्या जमल्या की शब्दातला पहिला आवाज: ‘गा’ने सुरू होणारं या खोलीत काय काय आहे? बाराखडीचा घोष या जागी चालत नाही. क-का-कि-की सुरात म्हणणाऱ्या मुलापुढे एकटा ‘के’ ठेवला, तर ते पुन्हा पहिल्यापासून म्हणत तिथपर्यंत येतं.

आकड्यांचंही तसंच. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘वाटीतले पाच खडे मला दे’ म्हणून बघा. अनेक जण मूठभर काढून देतात. म्हणून रोज खाऊच्या वाट्या मुलांकडूनच मांडून घ्या. आज किती जण आलेत, वाट्या किती, कुणाला पुरली नाही? शंभरपर्यंत आकडे लिहिण्यापेक्षा दहापर्यंत अचूक मोजून देणं हे पहिलीच्या गणिताचं खरं भांडवल.

आता पालक. त्यांची काळजी खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. त्यांना पुरावा हवाय, तो द्या, फक्त वहीच्या जागी फाईल. प्रत्येक मुलाची एक फाईल, महिन्यातून दोन चित्रं, मागे तारीख आणि चित्राबद्दल मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहिलेलं. जूनचं आणि नोव्हेंबरचं पान शेजारी ठेवलं की बोलावंच लागत नाही. जूनमध्ये ‘ही गाय’ एवढंच असतं. नोव्हेंबरात गाय कुठे चालली, तिच्या मागे कोण, पाऊस का पडत होता, सगळं येतं.

पहिल्या पालकसभेत सगळ्यांना डाव्या हाताने, म्हणजे ज्याने लिहीत नाहीत त्या हाताने, पूर्ण नाव पाच वेळा लिहायला सांगा. मग विचारा, किती दुखलं, किती वाकडं आलं, आणि ‘नीट काढ’ म्हणून मी ओरडले असते तर सरळ आलं असतं का. आणि पहिलीच्या प्रवेशाला मुलाखत असते अशी भीती कुणी घातली असेल, तर सांगा की प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे बेकायदा आहे आणि त्याला दंड आहे.

---

ओसरी

फळाखडू यांनी वहीचं नीट सांगितलंय, मी रडण्याचं आणि दिवसाच्या आखणीचं लिहिते.

२२ मुलं एकाच दिवशी बोलावूच नका. सात-आठ जणांचे तीन गट करा आणि पहिला आठवडा प्रत्येक गटाला एकच तास बोलवा, घरच्या माणसासकट. ९ ते १०, १० ते ११, ११ ते १२. घरच्या माणसाने आत एका ठरलेल्या जागी बसायचं, मुलाशी खेळायचं नाही, मुलाला ‘जा ना, खेळ ना’ म्हणून ढकलायचंही नाही. मूल उठून जाईल, दोन मिनिटांनी परत येऊन चिकटेल, पुन्हा जाईल. या फेऱ्या लांबत गेल्या की मूल रुळतंय असं समजा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचं माणूस पंधरा मिनिटांसाठी बाहेर जातं. जाताना मुलाला सांगून जायचं: ‘मी भाजी घेऊन येते.’ आणि खरंच पंधरा मिनिटांत यायचं. मग अर्धा तास, मग एक. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. मूल खेळात रमलंय बघून आई हळूच सटकते. त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून ते मूल पदर सोडत नाही, कारण खेळायला गेलं की आई नाहीशी होते हे त्याला कळलेलं असतं. हा नियम पालकांना आधीच सांगा, आजी-आजोबांना तर नक्कीच, कारण बऱ्याच घरांत सोडायला तेच येतात.

तुमच्यात आणि मावशींत मुलं वाटून घ्या. कुठलं रडणारं मूल कुणाकडे जाणार हे ठरलेलं असावं आणि पंधरा दिवस तेच राहावं. आज तुमच्या मांडीवर, उद्या मावशींच्या, असं झालं की मूल कुणालाच धरत नाही. घरची एखादी वस्तू आणू द्या, आईची ओढणी असेल, गोधडीचा तुकडा असेल. ‘रडलास तर आई येणार नाही’, ‘बघ, ती कशी शहाणी आहे’ ही दोन वाक्यं तुमच्या खोलीत उच्चारली जाणार नाहीत असं मावशींशीही बोलून ठेवा. त्याऐवजी जे आहे ते म्हणा: ‘आईची आठवण येतेय. आपण खाऊ खाल्ला, अंगणात खेळलो की आई येईल.’ घड्याळ न कळणाऱ्या मुलाला वेळ असा सांगावा लागतो. गणपती, दिवाळी किंवा लांब आजारपणानंतर रडणं परत येतं. ते धरूनच चाला, दोन-तीन दिवस आधीसारखं थोडा वेळ घरच्यांना बसू द्या.

आता तीन तास. आल्यावर प्रार्थना, मग ओळीत बसून गाणी, मग गोष्ट, अशी पाऊण तासाची बैठक बऱ्याच ठिकाणी असते आणि सव्वानऊलाच खोली हातातून जाते. तीन-चार वर्षांच्या मुलांना एकत्र बसवायचं ते १५ मिनिटांच्या आत. मी असं लावेन:

९ ते १० मोकळा खेळ, चार कोपऱ्यांत. मुलं पुढे-मागे येतात, सगळी जमेपर्यंत खोळंबा होत नाही, आणि रडत आलेल्या मुलाच्या हाताला लगेच काहीतरी लागतं. १० ते १०:१० आवराआवर, एखादं ठरलेलं गाणं म्हणत. १०:१० ते १०:२५ गोलात बसून गप्पा-गाणी. १०:२५ ते १०:५० हात धुणं आणि खाऊ. १०:५० ते ११:२० अंगण. ११:२० ते ११:४५ दोन गट: पावणेपाचच्या वरची मुलं तुमच्याजवळ कान-हाताच्या खेळाला, लहान मावशींजवळ मातीकामाला किंवा ओसरीवर. शेवटी गोष्ट आणि निरोप. पावसात अंगण गेलं तर तो अर्धा तास बैठकीत घालू नका, ओसरीवर दोरीवरून चालणं, उड्या, गोणपाटावर लोळणं काहीही चालेल, पण अंग हललं पाहिजे.

३०० चौरस फुटांत २२ मुलं म्हणजे दाटी आहे. म्हणून चारपैकी एक कोपरा कायम ओसरीवर ठेवा, पाणी-वाळूचा तोच बरा. कोपऱ्यात गर्दी आणि मारामारी होते ती जागा किती जणांची हे मुलांना दिसत नाही म्हणून. प्रत्येक कोपऱ्याच्या खिळ्यावर त्या रंगाच्या लोकरीचे सहा गोफ टांगा. गोफ गळ्यात घालायचा आणि खेळायचं, गोफ संपले की कोपरा भरला. दोन आठवड्यांत मुलं हे स्वतः सांभाळतात. मात्र लोकरीचे गोफ घालून अंगणात, घसरगुंडीवर किंवा झाडावर जाऊ द्यायचं नाही, अडकून गळफास बसू शकतो. गोफ कच्च्या टाक्याने जोडा, जोरात ओढला तर उसवला पाहिजे.

चड्डी-परकराला नाडी नको, इलॅस्टिक हवं, हेही पहिल्याच सभेत सांगा. एका संडासापुढे नाडीची गाठ सोडवण्यातच अपघात होतात. प्रत्येकाचा एक जादा जोड पिशवीत नाव घालून. ओलं झालं तर गाजावाजा न करता कपडे बदलायचे, बाकीच्यांसमोर नाव घ्यायचं नाही.

---

शेवंती

दोघींचेही आभार. गोफांचं आणि खडूच्या तुकड्यांचं लगेच करणार. सामानाबद्दल अजून विचारायचं आहे. आमच्याकडे सगळीकडे चिकूच्या वाड्या, शिवाय समुद्र जवळ. चिकूच्या बिया, चिंचोके, शिंपले, रंगीत बिया गोळा करून मोजायला आणि नक्षीला वापरल्या तर चालतील का? आणि खाऊ कुठला ठेवावा?

---

गाभुळी

परिसरातलं सामान वापरायचं ठरवलंय ते उत्तम. बालवाडीचं काम १९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उभं केलं, पुढे १९५७ला ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, ते याच वाटेने. शिंपले, बिया, पानं, काड्या, माती. महागडी साधनं पाड्यावर पोचणार नव्हती आणि मुलांना त्यांची गरजही नव्हती. तुम्ही त्याच तालुक्यात आहात.

पण बियांची निवड डोळ्यांत तेल घालून करा. गुंज कितीही सुंदर दिसली तरी खोलीत आणायची नाही, चावली तर जिवावर बेतते. एरंड, मोगली एरंड, धोतरा, कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, यांचंही तेच. मोगली एरंड गावाकडे कुंपणाला सर्रास असतो, त्याची फळं मुलं सुक्या मेव्यासारखी खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचतात. तुमच्या अंगणाचं कुंपण आजच बघून घ्या.

चिकूची बी मोजायला छान, काळी, गुळगुळीत, पण तिच्या एका टोकाला बारीक आकडा असतो. गिळली तर तो घशात रुततो. तीन-साडेतीनच्या मुलांना ती देऊ नका, आणि खाऊला चिकू असेल तर बिया मोठ्यांनी काढूनच फोडी द्या. लहान गटाला मोजायला नारळाच्या करवंटीचे घासलेले तुकडे, मोठे शिंपले, बाटलीची मोठी झाकणं. आकाराचा अंदाज साधा आहे: वस्तू चार सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि तोंडात घालायची सवय गेलेली नसेल, तर ती वस्तू त्या मुलासाठी नाही. शिंपल्यांच्या कडा पॉलिश पेपरवर घासा, उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर आठ दिवसांत वास येतो.

नाकात बी किंवा दाणा गेला तर चिमट्याने, काडीने काढायला जाऊ नका, तो आत सरकतो. पाणीही घालू नका, कडधान्य फुगतं. सरळ डॉक्टरकडे. एका मुलाला एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड आठवडाभर येत असेल, तर आत काहीतरी अडकलंय असं धरून दाखवायला सांगा. आणि खेळण्यातला किंवा घड्याळातला बटन सेल गिळला किंवा नाकात गेला असेल, तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

ठोकळे मात्र सुताराकडूनच. प्लास्टिकच्या संचावर पैसे घालू नका. वखारीत उरलेली सागाची, आंब्याची किंवा पाइनची फळी चालते. मूळ ठोकळा १४ सेंमी लांब, ७ रुंद, साडेतीन जाड. अर्धा ठोकळा ७ × ७ × ३.५, दुप्पट २८ × ७ × ३.५. तीन मापं मिळून १०० ते १२० नग, म्हणजे पाच-सहा मुलांना पुरतात. सुताराला एक गोष्ट समोर उभं राहून सांगा: २८ची पट्टी मधोमध कापून दोन १४चे ठोकळे निघत नाहीत. करवतीत दोन-तीन मिलिमीटर लाकूड जातं, म्हणून प्रत्येक नगाचं माप वेगळं आखायचं. एवढ्याशा फरकाने काय होतं? दोन अर्धे एका पूर्णाशेजारी ठेवले की कड जुळत नाही, सहाव्या थराला मनोरा कलतो, आणि ‘दोन लहान म्हणजे एक मोठा’ हे जे मूल स्वतःच्या हाताने शोधणार असतं, ते निसटतं. कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा. रंग-वॉर्निश नको. खोबरेल तेलाचा हलका हात पुरे.

मातीकामाला शाडू किंवा गाळलेली चिकणमाती सगळ्यात चांगली. कणकेचा गोळा करायचा तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, हळद आणि बेताबेताने पाऊण वाटीच्या आसपास पाणी. डहाणूच्या पावसाळी हवेत मीठ ओल ओढतं, गोळा दोन दिवसांत चिकट होतो आणि बुरशी धरतो. म्हणून जून ते सप्टेंबर माती, कणीक थंडीत. त्यात मीठ भरपूर असतं. एखादं मूल ते खात असेल तर त्याला मातीच द्या.

खाऊबद्दल: उपमा, मऊ उसळ, खिचडी, थालीपिठाचे तुकडे, केळं, उकडलेलं रताळं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, लाह्या, कडक गोळ्या पाच वर्षांखाली नकोत. शेंगदाणे कुटून द्या, द्राक्ष उभं चिरून. तुमच्याकडे उन्हाळ्यात ताडगोळे येतात, ते बुळबुळीत असल्याने अख्खे सुळकन घशात जातात. बारीक तुकडे करूनच. खाताना सगळी बसलेली हवीत, पळता-पळता घास नाही, आणि हसवणं-रडवणंही त्या वेळी नाही.

तरीही अडकलंच आणि मूल खोकू शकत असेल तर खोकू द्या, पाठ थोपटत बसू नका. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार फटके. मोकळं झालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच दाब, पुन्हा फटके. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपून काढू नका. दुसरीने लगेच १०८ लावायचा. हे दोघींनी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांकडून प्रत्यक्ष करून घ्या, वाचून हात बसत नाही.

हात धुवायला नळ नसेल तर पाच लिटरचा कॅन आडव्या काठीला दोन खांबांच्या मध्ये टांगा. झाकणापासून चार-पाच बोटं खाली तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडा. कॅनच्या गळ्याला दोरी, दोरीच्या खालच्या टोकाला पायाने दाबायची काठी. पाय दाबला की कॅन कलतो, धार येते, पाय उचलला की थांबते. साबण जाळीत टांगा. खाली खडी टाका, नाहीतर आठवड्यात चिखल. २२ मुलांना असे दोन पुरतात, आणि नळाच्या तोटीला सगळ्यांचे हात लागतात तेही टळतं.

---

सहाण

बाकी सगळं पटलं, पण फळाखडू, एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत आहे. शेवंतीताईंच्या गटात सव्वापाच-साडेपाचची मुलं आहेत. ती पुढच्या जूनला पहिलीत जातील. त्यांना वर्षभर लिहिण्यापासून लांब ठेवलं तर पहिलीच्या बाई पहिल्या आठवड्यातच फळ्यावरून उतरवून घ्यायला लावतात आणि ही मुलं मागे पडल्यासारखी दिसतात.

---

फळाखडू

बरोबर आहे, ते मी स्पष्ट लिहायला हवं होतं. ज्याला त्रिकोण काढता येतो, ते मूल लिहायला तयार आहे, वय सव्वापाच असो की पाच. अशांना दिवाळीनंतर ११:२०च्या गटात द्या. सुरुवात स्वतःच्या नावाने, कारण ते लिहायची हौस मुलालाच असते. मग ग, म, भ, न, त. सगळ्यांना शेवटी उभा काना आहे, वळणं मोजकी आहेत, आणि एवढ्यावर मुलाला ‘मन’, ‘नग’, ‘तग’ वाचून बघता येतं. अक्षर आधी रव्याच्या ताटात बोटाने, मग भिंतीवर खडूने, मग पाटीवर. कागद सगळ्यात शेवटी आणि बिनरेघी. दिवसाला एक अक्षर, तीनदा, त्यातलं मुलाला सगळ्यात आवडलेलं त्याने स्वतः गोल करायचं. एका अक्षराने पान भरायला लावलं की पहिल्या ओळीतलं अक्षर चांगलं असतं आणि शेवटच्या ओळीतलं बिघडलेलं, म्हणजे सराव बिघडलेल्याचाच होतो.

---

तारपा

भाषेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. निम्म्या मुलांची घरची भाषा वारली आहे, आणि तुमच्या सगळ्या आखणीत सगळ्यात आधी सुटू शकणारी मुलं हीच आहेत. ती गप्प बसतात आणि ‘लाजाळू’ म्हणून नोंदली जातात. मूल अंगणात, आपल्या भावंडांशी बोलतं की नाही ते बघा. तिथे भडाभडा बोलत असेल तर अडचण मुलात नाही, खोलीत आहे.

मावशी वारली बोलणाऱ्या असतील तर मदतनीस म्हणून त्यांना नुसतं झाडलोटीला लावू नका. सकाळी दारात स्वागत त्यांनीच वारलीत करावं. गोष्ट आधी त्यांनी वारलीत सांगायची, दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, तीच चित्रं, तुम्ही मराठीत. एकाच वेळी वाक्यागणिक भाषांतर करत गेलात, तर मुलं आपल्या भाषेतलं वाक्य येईपर्यंत कान बंद ठेवतात. मावशींना वारली येत नसेल तर पाड्यावरच्या एखाद्या आजीला आठवड्यातून दोनदा गोष्टीला बोलवा.

मुलाने वस्तूचं नाव वारलीत सांगितलं तर ‘नाही, याला असं म्हणतात’ करून खोडू नका. त्याचा शब्द मोठ्याने परत म्हणा, मग मराठी शब्द वाक्यात वापरा. चित्रामागे मुलाचं बोलणं लिहाल तेही त्याच्या भाषेत, देवनागरीत, जसं ऐकू आलं तसं. पालकसभेत ते वाचून दाखवा. आपली बोली शाळेत कागदावर उतरते हे बघून येणाऱ्यांची संख्या वाढते. हिंदी बोलणाऱ्या तीन-चार मुलांनाही हाच नियम. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही आठ वर्षांपर्यंत शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, ते इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या पालकांना सांगायला उपयोगी पडेल.

आणि एक. गावात अंगणवाडी असेलच. तुमच्याकडे येणाऱ्या मुलांची नावं तिथून कमी होऊ देऊ नका. वजन-उंची, लसीकरण, सहा महिन्यांनी जंताची गोळी आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना जीवनसत्त्व अ तिथूनच मिळतं. पोषण आहारही. सेविकाताईंना जुलैच्या आत एकदा भेटून दोन्हीकडच्या वेळा जुळवून घ्या, म्हणजे वजनाच्या दिवशी तुमची २२ मुलं मावशींबरोबर तिकडे नेता येतील.

---

शेवंती

मावशी वारलीच बोलतात. स्वागत आणि पहिली गोष्ट त्यांच्याकडे, हे आज त्यांना सांगितलं. कुंपणाला मोगली एरंड निघाला, शाळा सुरू व्हायच्या आत काढून घेते. सुताराने १४-७-३.५ चे दहा नग नमुन्याला करून दिलेत. एकावर एक लावून बघते, कडा जुळल्या तरच बाकीचे सांगते.